रेल्वे मॉडेलचं पहिलं किट जोडताय? आधी चाकं, मग रूप: या चुका टाळा

२०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची पहिली गाडी लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. नंतर पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. त्या टाक्या पाहिल्या तेव्हाच मनात घेतलं, अशी एक वाघीण आपल्या हातांनी करायची. परदेशातून प्लॅस्टिकचं किट मागवलं. चार चाकांची साधी ब्रिटिश टाकी होती, पण शिकायला तेवढी पुरे होती. तीन रात्रींत जोडली, रंगवली, आकडे चिकटवले. रुळावर ठेवली तर एक चाक अधांतरी. सांध्यावर, म्हणजे एका रुळाला दुसरा फुटतो तिथे, गेली की हमखास उतरायची. आणि टाकी बंद करून झाल्यावर लक्षात आलं की आत वजन घालायचंच राहून गेलंय.

त्यानंतर बरीच किटं जोडली. नवी मंडळी आता त्यांची मॉडेलं दाखवायला आणतात. रंग सुरेख असतो, पण गाडी रुळावर टिकत नाही. कारण बहुतेक वेळा एकच निघतं: हात आधी रूपाकडे गेलेला असतो. वाघीण असो की इंजिन, आधी ते सरळ उभं राहिलं पाहिजे, मग मोकळं धावलं पाहिजे. रंगाची बाटली त्यानंतर उघडायची.

मापाचा घोळ

एचओ आणि ओओ ही मॉडेलची मापं. एचओ म्हणजे १:८७, खऱ्या गाडीचा सत्त्याऐंशीवा भाग; ओओ म्हणजे १:७६. दोन्ही एकाच १६.५ मिमी रुंदीच्या रुळावर धावतात, म्हणून नवा माणूस दोन्ही एकत्र विकत घेतो. मग एकाच गाडीत बफर (डब्याच्या टोकाचे, धक्का झेलणारे) वरखाली येतात आणि प्रमाण बिघडतं. पहिल्या खरेदीआधी एक माप ठरवा आणि त्याला धरून राहा.

आपल्याकडच्या गाड्या करायच्या तर आणखी एक गोष्ट माहीत हवी. १:८७ मध्ये १६.५ मिमी म्हणजे युरोपातला १४३५ मिमीचा रूळ. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमीचा, त्याला खरं तर १९.३ मिमी लागतात. डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन एचओत केलं की त्याच्या दोन बाजूंच्या चाकांमधलं अंतर जवळजवळ तीन मिलिमीटर कमी होतं. पहिल्या किटाला हा फरक मान्य करा. रुंद आस घालण्याच्या नादी लागू नका.

मनमाड–सिकंदराबाद मार्ग मीटरगेज होता तेव्हाची गाडी ज्यांच्या आठवणीत आहे, त्यांना वायपी हे मीटरगेजचं वाफेचं इंजिन करावंसं वाटतं. त्याला १:८७ मध्ये १२ मिमी रूळ चालतो. आणि बार्शी लाइट रेल्वे, म्हणजे लातूर–मिरज छोटी गाडी? ती ७६२ मिमीची, म्हणजे १:८७ मध्ये पावणेनऊ मिमी. एन गेज या आणखी लहान मापाचा ९ मिमी रूळ तिला जवळजवळ तंतोतंत बसतो. ती करायची असेल तर वरचं माप एचओचं घ्या आणि खालचा रूळ एनचा. हा मेळ मला फार आवडतो, कारण आपल्या भागातली एक हरवलेली गाडी त्यामुळे तयार मिळणाऱ्या रुळावर उभी राहते.

एका शब्दाने पुष्कळ जण फसतात. आपण अख्ख्या डब्याला बोगी म्हणतो. किटाच्या कागदात बोगी म्हणजे डब्याखालची चार चाकांची फिरती चौकट. ‘दोन बोगी’ वाचून दोन डबे मिळतील असं समजून पैसे भरलेला माणूस मी पाहिला आहे. इंजिनाचं किट घेताना तर यादी शब्द न् शब्द वाचा. प्लॅस्टिकची काही इंजिनं फक्त शोभेची असतात. पितळी किटांत चाकं, मोटर आणि गिअरबॉक्स बहुतेक वेळा वेगळे घ्यावे लागतात.

गोंद लावण्याआधी

किटाचे भाग प्लॅस्टिकच्या फ्रेमला जोडूनच येतात. ते सगळे एकदम कापू नका. डावी-उजवी बाजू सारखी दिसते, पण ब्रेकचा दांडा एकीकडेच असतो. लागेल तेवढाच भाग निपरने थोडा लांब ठेवून कापा आणि उरलेलं खोड कानशीने घासा. मग कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून भाग धुवा, कारण साच्यातून सुटावेत म्हणून लावलेला तेलकट थर रंगाला धरू देत नाही. आणि प्रत्येक जोड आधी कोरडाच बसवून पाहा.

प्लॅस्टिकचा पातळ सिमेंट हा खरं तर गोंद नाहीच. तो प्लॅस्टिक विरघळवून दोन कडा एक करतो. दोन भाग जुळवून धरा, ब्रशचं टोक फटीला टेकवा. तो आपोआप आत ओढला जातो. ट्यूबसारखा थापला तर रिव्हेट विरघळतात आणि बोटाचा ठसा कायमचा राहतो. फेविक्विकसारखा गोंद खिडकीच्या काचेजवळ नेऊ नका, त्याच्या वाफेने पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरी धुरी बसते.

टाकीच्या बाबतीत जरा थांबून सांगतो, कारण ही चूक सहा महिन्यांनी उघडी पडते. बंद टाकीत सिमेंटची वाफ कोंडली तर प्लॅस्टिक आतून मऊ पडतं आणि टाकी चेपते. खालच्या बाजूला, दिसणार नाही असं एक मिलिमीटरचं भोक ठेवा. वजनासाठी शिशाचे छर्रे घालून वर पांढरा फेविकॉलच्या जातीचा गोंद ओतणं तर त्याहून वाईट. त्या गोंदातून सुटणाऱ्या आम्लाने शिसं हळूहळू पांढऱ्या भुकटीत बदलतं, फुगतं आणि टाकीच्या शिवणी उकलतात. शिसंच वापरायचं तर ते अरल्डाइटसारख्या इपॉक्सीत बसवा. मी आता हार्डवेअरच्या दुकानातले लोखंडी नट घालतो. हाताळायला बिनधोक, आणि डगडगतही नाहीत.

वजन किती? अमेरिकन मॉडेल रेल्वे संघटनेचा एचओसाठीचा ठोकताळा सोपा आहे: २८ ग्रॅम, अधिक लांबीच्या प्रत्येक सेंटिमीटरला साडेपाच ग्रॅम. १४ सेंमीची वाघीण सुमारे १०५ ग्रॅम व्हायला हवी. सोनाराच्या काट्याची गरज नाही, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. वजन खाली आणि मधोमध ठेवा.

चौकट डुगडुगते

गाडी उतरण्याचं सर्वांत मोठं कारण इथे असतं. फोटो फ्रेमवाल्याकडून जाड काचेचा हातभर तुकडा आणा. काच सपाट असते, टेबल नसतं. चाकांसह चौकट काचेवर ठेवा आणि चारही कोपऱ्यांवर आळीपाळीने बोट दाबा. टक् टक् आवाज आला तर एक चाक वर आहे. सिमेंट ओलं असतानाच हे पाहायचं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर चौकट मोडूनच दुरुस्त करावी लागते. कोपरे छोट्या गुण्याने तपासा.

बोगीच्या वाघिणीला वेगळा इलाज आहे. एका बोगीचा स्क्रू असा आवळा की ती वळेल, पण डावी-उजवीकडे झुकणार नाही. दुसरीचा थोडा सैल ठेवा, म्हणजे ती हवी तशी झुकेल. तिवई कुठल्याही जमिनीवर डुगडुगत नाही, चौरंग डुगडुगतो. सैल बोगी हा वाघिणीचा तिसरा पाय. हे कळल्यावर माझ्या निम्म्या वाघिणी नुसत्या स्क्रू-ड्रायव्हरने सुधारल्या.

तरीही सांध्यावर उतरते? व्हर्निअर कॅलिपरने दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा. ओओला साधारण १४.५ मिमी लागतं. चाक आसावर किंचित सरकलेलं असेल तर सरळ रुळावर काही कळत नाही, सांध्यावर मात्र ते चढतं.

मोकळं धावतं का, तेही पाहा. एक मीटरची फळी एका टोकाला दोन-तीन सेंटिमीटर उचला. वाघीण आपणहून खाली आली पाहिजे. अडली तर आधी ब्रेकचे गुटके पाहा, ते चाकाला घासत असतात. मग आसांची टोकं बेअरिंगमध्ये घट्ट बसली आहेत का ते पाहा.

पितळ आणि डाख

पितळी किटाला मोबाइल दुरुस्तीची २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न पुरत नाही. पितळ उष्णता खेचून घेतं आणि डाख वर गोळी होऊन बसतो. मला हे शेजारच्या सोनारकाकांनी समजावलं. माझा जोड नखाने उचकटून ते म्हणाले, “डाखाला कशाला तापवतूस? पितळ तापव, डाख आपुआप धावंल.” त्यांचं काम वेगळं, आच वेगळी, पण गोष्ट तीच. तेव्हापासून ५०–६० वॉटची आयर्न, स्वच्छ घासलेलं पितळ आणि डाख नीट पसरवणाऱ्या फ्लक्सचा एक थेंब. टोक जोडावर दोन-तीन सेकंद टेकवून ठेवलं की चांदीची रेघ फटीतून सरसर पळत जाते. काम झालं की त्याच दिवशी फ्लक्स धुवा, नाहीतर आठवड्यात हिरवा गंज चढतो. खिडकी उघडी ठेवा, आणि जेवणाआधी हात साबणाने धुवा.

व्हाइटमेटल या कमी आचेवर वितळणाऱ्या मिश्रधातूचे भाग मात्र या आयर्नखाली मेणासारखे वितळतात. नवशिक्याने ते इपॉक्सीनेच जोडावेत.

इंजिन अडखळतं

मोटर सर्वांत शेवटी बसवा. आधी चासी नुसती हाताने ढकलून चालली पाहिजे. वाफेच्या इंजिनात एका बाजूचा क्रँकपिन (चाकावरची, दांडा अडकवायची खुंटी) वर असतो तेव्हा दुसऱ्या बाजूचा ९० अंश पुढे किंवा मागे असतो. खऱ्या इंजिनात हे असं असतं, कारण दोन्ही दट्टे एकाच वेळी टोकाला अडकले तर गाडी सुटणारच नाही. मॉडेलमध्ये कोन ८८ अंश झाला तरी चालतं, पण सगळ्या आसांवर तो अगदी सारखा हवा. तिथेच गडबड होते. म्हणून आधी दोनच आसांना चाकं जोडणारे दांडे लावा आणि फिरवा, मग तिसरा आस जोडा. कुठे अडलं ते लगेच कळतं. सगळे दांडे एकदम लावून भोकं कानशीने मोठी करत सुटलात तर इंजिन लंगडतच चालेल.

मोटर गरम होत असेल किंवा किरकिरत असेल तर वर्म (मोटरच्या दांड्यावरचा मळसूत्री गिअर) आणि गिअर फार घट्ट भिडलेत. मधे वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी धरून मोटर आवळा, मग पट्टी काढा. एवढी फट पुरते. आणि १२ व्होल्ट देण्याआधी मल्टिमीटरने दोन्ही बाजूंची चाकं तपासा. इन्सुलेशन नसलेली चाकं सगळी एकाच बाजूला हवीत; एक जरी उलट बसलं तर शॉर्ट.

आपलं ऊन, आपला कूलर

किटाच्या कागदात हे लिहिलेलं नसतं. मे महिन्यात परभणीत उन्हात उभ्या कारच्या आत पीएलए या प्लॅस्टिकचं थ्रीडी प्रिंट ठेवू नका. ते ५५–६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. माझ्या एका डब्याचं छत दुपारभरात मधोमध खचलं होतं. पत्र्याच्या खोलीतही वरच्या फळीवर मॉडेल नको.

रंग पहाटे द्या. दुपारी स्प्रेचा थेंब हवेतच वाळतो आणि पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत होतो. कूलर मात्र बंद ठेवा. त्याची ओलसर हवा लॅकर रंगावर पांढुरकी छटा आणते, आणि वाऱ्याबरोबर धूळही येते. आकडे चिकटवण्याआधी चकचकीत थर द्या. मॅट रंगावर डेकलखाली (आकड्यांच्या पातळ पापुद्र्याखाली) हवा अडकते आणि ती चांदीसारखी चमकते.

शेवटचा हात जुनेपणाचा. इथे बहुतेक जण सगळीकडे सारखा तपकिरी रंग मारतात. परभणी किंवा पूर्णेच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून समोरची मालगाडी नीट पाहा. ब्रेकची गंजट भुकटी चाकांवर आणि खालच्या चौकटीवर दाट असते, वर जाता जाता विरळ होते. टाकीवर झाकणापासून निघालेले ओघळ खाली उतरताना बारीक होत जातात. तेवढंच रंगवा, कोरड्या ब्रशने, आणि चाकांची रुळाला टेकणारी कड पुसून स्वच्छ ठेवा.