अपोझिशन: स्वल्पविराम कुठे द्यायचा, कुठे नाही

इंग्रजीत एकाच व्यक्तीसाठी किंवा वस्तूसाठी दोन नामं शेजारी शेजारी येतात, त्याला अपोझिशन म्हणतात. 'शनिवारवाडा, द पॅलेस ऑफ द पेशवाज, वॉज बिल्ट इन 1732.' शनिवारवाडा आणि पॅलेस एकच. खात्री करायची तर मध्ये 'हू इज' किंवा 'विच वॉज' असं काहीतरी घालून पाहा. अर्थ जमला तर अपोझिशन.

खरी गडबड स्वल्पविरामात होते. नावावरूनच ओळख पटत असेल, तर जादा माहितीच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम लागतो. मुलं पहिला देतात आणि दुसरा खातात. मग 'शनिवारवाडा, द पॅलेस ऑफ द पेशवाज वॉज बिल्ट' असा कर्ता क्रियापदापासून तुटलेला सांगाडा उरतो. माहिती वाक्याच्या शेवटी आली, तर दुसऱ्याचं काम पूर्णविराम करतो.

'माय ब्रदर संजय लिव्ज इन कोथरूड' म्हणजे भाऊ अनेक, त्यातला संजय. 'माय ब्रदर, संजय, लिव्ज इन कोथरूड' म्हणजे भाऊ एकच. (एकुलत्या भावाच्या बाबतीतही इंग्रज लेखक पुष्कळदा हे स्वल्पविराम गाळतात, तेव्हा उलट चूक जास्त गंभीर समजा: भाऊ तीन आणि स्वल्पविराम दोन.)

मराठीत 'समाजसुधारक जोतीराव फुले' लिहितो, तसंच 'सोशल रिफॉर्मर जोतीराव फुले' लिहा, मध्ये स्वल्पविराम नको. क्रम उलटला की मात्र आर्टिकल हवं: 'सावित्रीबाई फुले, अ पायोनियर ऑफ गर्ल्स एज्युकेशन, टॉट इन पुणे.' मराठीत आर्टिकलच नाही, म्हणून ते 'अ' हमखास गळतं.

क्रियापद पहिल्या नामाप्रमाणे चालतं. 'माय नेबर्स, अ यंग कपल फ्रॉम सातारा, आर मूव्हिंग टू बाणेर.' 'कपल' जवळ आहे म्हणून 'इज' लिहू नका. सर्वनामाचं रूपही तसंच जपा: राज्यघटनेच्या उद्देशिकेत 'वी, द पीपल ऑफ इंडिया' आहे, कारण 'वी' कर्ता आहे. कर्म असेल तर 'अस, द स्टुडंट्स'.

यादीत अपोझिशन घुसलं की फसगत ठरलेली. 'आय मेट अजय, माय नेबर, अँड सुनील' यात माणसं दोन की तीन? 'आय मेट सुनील अँड माय नेबर अजय' असं फिरवून लिहा. माणसं दोनच राहतात.