राणीछाप रुपया लिलावात मांडण्याआधी

सगळ्यात आधी काय करायचे नाही ते सांगतो: नाणी घासू नका. आजीचा डबा उघडला, काळवंडलेले रुपये हाती आले, की घरातले कोणीतरी रांगोळी, चिंच नाहीतर टूथपेस्ट घेऊन बसतेच. समईला ते चालते, नाण्याला नाही. तो काळपट थर संग्राहकाला हवा असतो, आणि घासल्याचे बारीक ओरखडे त्याला भिंगाखाली लगेच दिसतात. माझे पहिले तीन रुपये मी लखलखीत करून लिलावात मांडले आणि ते चांदीच्या भावात गेले. त्याच डब्यातला चौथा, आळसामुळे घासायचा राहिलेला, त्यांच्या दुपटीहून जास्त घेऊन गेला.

मग डबा नक्की कोणाचा, हे घरात बोलून घ्या. लक्ष्मीपूजनाला ताटात ठेवायचा रुपया परस्पर मोबाइलवर विकायला निघाला असे आत्याला बाहेरून कळले, तर मिळालेल्या पैशांपेक्षा मनस्ताप मोठा होतो. पूजेतले नाणे बाजूला काढा, उरलेल्यांचे बोला.

खरी मेहनत नाणे ओळखण्यात आहे, तिला दोन-तीन रविवार द्या. सराफाकडे असतो तसा मिलिग्रॅम नाही तरी शतांश ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा, दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि एक लोहचुंबक एवढे सामान पुरते. इंग्रजी अमलातला चांदीचा रुपया 180 ग्रेन, म्हणजे 11.66 ग्रॅम, बरोबर एक तोळा. जुनी माणसे ‘रुपयाभार’ म्हणत ते उगीच नाही. वापरून झिजलेला रुपया थोडा हलका भरेल, पण साडेनऊ ग्रॅम भरला तर ती झीज नव्हे, नक्कल समजा. चांदी चुंबकाला चिकटत नाही. 1947 चा, मागे वाघ असलेला रुपया मात्र चिकटतो, कारण तो निकेलचा आहे. त्याच्या आधीचे 1940 ते 45 चे रुपये चांदीचे खरे, पण निम्म्याच चांदीचे.

सालावर भाळू नका. 1862 साल असलेला राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा छाप असलेला, रुपया पाहून पुष्कळांना हर्ष होतो. पण तेच साल टाकून टांकसाळी 1874 पर्यंत रुपये पाडत होत्या. तो मुबलक आहे. खुबी सालाखालच्या बारीक ठिपक्यांत असते, ते मोजा. पाचव्या जॉर्जचा 1911 चा रुपया निघाला तर जरा सावरून बसा. राजाच्या झग्यावरच्या पदकातला हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली, नाणी परत घेतली गेली आणि 1912 पासून सोंड नीट दिसेल असा हत्ती आला. उलट, ईस्ट इंडिया कंपनी, 1818 आणि राम-लक्ष्मण-सीता किंवा मारुती असे नाणे असेल, तर ते देवघरात सुखाने ठेवा. कंपनीने असे चलन कधी काढलेच नव्हते. ‘जादूने तांदूळ ओढून घेते’, ‘लाखोंना जाते’ म्हणणाऱ्यांशी वाद घालत बसू नका. शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचे तांब्याचे नाणे, असेल तर घाईने ‘शिवकालीन’ लिहू नका, कारण ती महाराजांनंतरही फार मोठा काळ पाडली जात होती. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपती’ एवढे वाचता आले म्हणजे काळ ठरला असे होत नाही. शंका असेल तर पुण्या-मुंबईतल्या नाण्यांच्या प्रदर्शनात जाणकाराला दाखवा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे. तिथे एक दिवस घालवला तरी नजर तयार व्हायला लागते.

कायद्याचे दोन मुद्दे यादीत वरच लिहून ठेवा. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षे झालेले नाणे ही पुरावस्तू. ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे परदेशातली बोली कितीही मोहक असो, आणि न्यू जर्सीचा चुलतभाऊ बॅगेतून न्यायला कितीही तयार असो, नाही म्हणजे नाही. देशातही पुरावस्तू विकण्याचा धंदा करायचा तर परवाना लागतो. दुसरा मुद्दा शेतात किंवा पाया खणताना सापडलेल्या नाण्यांचा. 1878 चा गुप्तधनाचा कायदा अजून जिवंत आहे, आणि दहा रुपयांवरचे धन सापडले तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. आजीच्या डब्याला हा दुसरा नियम लागत नाही, पण डबा खरोखर आजीचाच असावा.

आता जागा निवडा. ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर 1995 मध्ये पहिल्यांदा विकला गेला तो एक मोडका लेझर पॉइंटर, 14.83 डॉलरला, ही गोष्ट ऐकून सगळ्यांना हुरूप येतो. पण ईबेची भारतातली देशांतर्गत साइट 2018 मध्ये बंद झाली. घरच्या नाण्यांना माझ्या मते मुंबईचे टोडीवाला किंवा बंगळुरूचे मरुधर यांसारखी नाण्यांची लिलावगृहे बरी. ती तुमचा माल तपासून लॉट, म्हणजे एकेका बोलीसाठीचे गट, पाडतात आणि बोली सभागृहात तशीच ऑनलाइनही चालते. देण्याआधी विचारून घ्या: विकणाऱ्याकडून कमिशन किती, विकले न गेल्यास परतीचा खर्च कोणाचा, पैसे किती दिवसांत, आणि पोचपावतीवर प्रत्येक नाण्याचे वजन लिहिणार का. शेवटचा प्रश्न लाजू नका, विचाराच.

स्वतःच ऑनलाइन लॉट टाकणार असाल तर बोली जिथून सुरू होईल त्या पायाभूत किमतीचा विचार करा. विक्रेते मागतात तो भाव पाहू नका. झालेल्या लिलावांचे निकाल काढा आणि तुमच्या नाण्याच्या अवस्थेचेच नाणे शोधा. सुरुवात कमी ठेवायला भीती वाटते, पण बोलीची गंमत तिथेच आहे. समजा 500 पासून सुरू केले, एकाने मनात 2,000 ची मर्यादा धरली, दुसऱ्याने 1,500 ची. साइटचे आपोआप बोली वाढवणारे यंत्र 2,000 नाही घेत; दुसऱ्याच्या पुढे एक पायरी, म्हणजे 1,550 च्या आसपास थांबते. तुम्हाला एक शौकीन नको, दोन हवेत. आणि तो दुसरा म्हणून मेहुण्याला बोली लावायला बसवू नका. ती फसवणूक आहे, शिवाय पकडली जाते. एकदोनच बोलीदार येतील असे वाटत असेल तर सरळ राखीव किंमत ठेवा, म्हणजे तिच्याखाली नाणे विकले जाणार नाही.

फोटो सकाळी खिडकीशी, फ्लॅश न लावता, दोन्ही बाजूंचे आणि कडेचेही काढा. नाणे कडेनेच धरा. डाग, जुने भोक, दागिन्याला लावलेली कडी काढल्याची खूण असेल तर त्याचा वेगळा फोटो द्या. वर्णनात वजन, व्यास, साल, टांकसाळ आणि दोष लिहा. ‘अतिदुर्मीळ’ लिहू नका, जाणकार हसतात.

पैशांच्या बाबतीत एकच: पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, क्यूआरही स्कॅन करावा लागत नाही. तसे सांगणारा खरेदीदार चोर आहे. ‘रिझर्व्ह बँक तुमची नाणी घेते, आधी फी भरा’ असे फोन येतात. बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर केले की आपण अशा व्यवहारात नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही.

पाकिटे विक्रीआधीच आणून ठेवा. साधे पीव्हीसीचे प्लास्टिक कालांतराने हिरवट चिकट होऊन नाण्याला लागते, म्हणून खिडकी असलेले पुठ्ठ्याचे होल्डर घ्या. नाणे हलून वाजणार नाही असे दोन पुठ्ठ्यांमध्ये चिकटवा, बाहेर ‘नाणी’ लिहू नका. विम्यासह पाठवा, आणि कुरिअरवाला नाणी घेतो का हे लिलाव लावण्याआधी विचारा, नंतर नाही. बंद करताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा: नाणे काट्यावर, मग पाकिटात, मग टेप, मग पावतीचा क्रमांक. खरेदीदाराने पोचल्याचे कळवून आठवडा होईपर्यंत तो व्हिडिओ पुसू नका.