लाकडाची भट्टी सोलरला जोडताय? या चुका टाळा

कोकणात जूनपासून सप्टेंबरपर्यंत सोलरच्या पाण्याचा भरवसा नाही. वाऱ्यापावसात लाईट गेली की गिझरही गेला. म्हणून होमस्टेवाले परसातली लाकडावरची भट्टी सोलरच्याच टाकीला जोडून घेतात. कल्पना चांगली आहे, मीही अशी कामं करतो. पण दरवर्षी पावसाळ्यात तेच घोळ निस्तरायला बोलावणं येतं.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे हवेच्या पाईपला (गरम टाकीतून वर गेलेला, उघड्या तोंडाचा पाईप) व्हॉल्व्ह बसवणं. गिझर ठरल्या तापमानाला थर्मोस्टॅटने बंद होतो. पेटलेल्या ओंडक्याला बटण नाही. २०० लिटर पाणी २७ अंशांवरून ९० वर गेलं की साधारण ६ लिटरने फुगतं. त्याला बाहेर पडायला वाट हवीच.

गुहागरकडच्या एका घरात हवेच्या पाईपातून सतत पाणी ठिबकत होतं. पाईपाचं तोंड गच्चीवरच्या थंड पाण्याच्या टाकीपेक्षा खाली होतं, एवढंच कारण. दोन फूट पाईप वर चढवला असता तर काम झालं असतं. कोणीतरी तिथे व्हॉल्व्ह लावून बंद केला. थंड पाण्याच्या लाईनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी मागे न जाऊ देणारा, आधीच होता. म्हणजे दोन्ही वाटा बंद. जुलैत पाहुणे आले, भट्टी भरली, आणि तासाभरात भट्टीचा वेल्डिंगचा जोड उकलला. उकळतं पाणी मालकांच्या हातावर आलं, कोपरापर्यंत फोड. मी गेलो तेव्हा ते म्हणाले, "अहो, नुसतं ठिबकत होतं म्हणून बंद केलं." त्या दिवसापासून मी हवेचा पाईप थंड पाण्याच्या टाकीच्या काठापेक्षा दोन-तीन फूट वर नेतो, तोंड उघडं ठेवतो, आणि वेगळा सेफ्टी व्हॉल्व्हही लावतो. कोणी खर्च वाचवायला तो नको म्हणालं तर काम सोडतो.

दुसरी चूक उताराची. गरम टाकी भट्टीच्या वर हवी, आणि गरम पाण्याचा पाईप भट्टीपासून टाकीपर्यंत चढताच राहायला हवा. वाशावरून नेताना मध्ये उंचवटा झाला की तिथे हवा धरते. मग पाणी फिरत नाही, खाली भट्टी धाडधाड वाजते आणि वर टाकी गारच. यावर घाईची माणसं पंप बसवतात. लाईट गेली की पंप थांबतो, आग थांबत नाही. पाईप उकलून नीट चढ द्या. एक इंची घ्या, अर्धा इंची नको.

सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याचा प्लास्टिक पाईप, ८२ अंशांपर्यंतचाच. भट्टीजवळचे निदान सहा फूट जीआय (जस्त चढवलेला लोखंडी पाईप) घाला.

तांबं आणि जीआय थेट जोडू नका, जोडाशी जीआय खातं.

ओल्या लाकडाने धुरांड्यात डांबर साचतं. जळण मृगाआधी छपराखाली घ्या.

भट्टी न्हाणीघराच्या आत नकोच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पहिल्यांदा पेटवताना मी अर्धाच भारा लावतो आणि तिथेच बसतो. वरचा पाईप चटका देतो, खालचा अजून गार, म्हणजे पाणी फिरू लागलं. तोवर उरलेला भारा बाहेरच.