समुद्रापलीकडचे पायरेट एफएम पकडताय? या चुका टाळा

मी नॉरिचला असतो, इंग्लंडच्या पूर्वेला, आणि इथून नेदरलँड्सच्या ट्वेंटे भागातले पायरेट एफएम, म्हणजे विनापरवाना चालणारी रेडिओ स्टेशनं, पकडायचा मला नाद आहे. अंतर साधारण ३८० किमी, मधे नॉर्थ सी. नवीन माणूस अँटेना लावतो, चार दिवस नुसती खरखर ऐकतो नि सोडून देतो, फार वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा रेडिओ ठणठणीत असतो.

हवामान न बघता बसू नका. समुद्रावर हाय प्रेशर ठाण मांडून बसलं, वारा पडला, की थंड हवेवर उबदार हवेचा थर येतो आणि सिग्नल त्याच्याखालून वाकत वाकत इथवर पोचतो, रात्री उशिरा किंवा पहाटे बघा. उन्हाळ्यातल्या स्पोरॅडिक ईच्या (वरच्या वातावरणात अधूनमधून तयार होणारा, सिग्नल परतवणारा थर) भरवशावर डच शोधू नका, त्यात सिग्नल शंभरेक किमी उंचीवरून परत खाली येतो त्यामुळे जवळचं सहसा ओलांडूनच जातो, त्यात थेस्सालोनिकीकडचं २१०० किमीवरचं ग्रीक स्टेशन मिळेल पण ट्वेंटे नाही.

मग बूस्टर, म्हणजे अँटेनाचा सिग्नल वाढवणारा डबा. लोकल टॉवर जवळ असेल तर बूस्टरने रेडिओ ओव्हरलोड होतो आणि नसलेली स्टेशनं दिसायला लागतात. शंका आली की १० डीबीचा (डेसिबल, सिग्नलच्या जोराचं माप) अटेन्युएटर, म्हणजे सिग्नल कमी करणारा जोड, बूस्टरच्या आधी लावा, खरं स्टेशन तेवढंच कमी होईल, खोटं ३० डीबीने कोसळेल. आणि स्टीरिओ बंद करा, कमजोर सिग्नल मोनोतच ऐकू येतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ओळख पटायच्या आधी लॉगमध्ये, म्हणजे पकडलेल्या स्टेशनांच्या वहीत, नाव लिहिणं. आरडीएस म्हणजे एफएमसोबत जाणारी स्टेशनची माहिती, त्यातला ओळखीचा पीआय कोड डच स्टेशनांचा ८ ने सुरू होतो खरा, पण पायरेट बऱ्याचदा आरडीएस लावतच नाहीत, लावलं तर कोड भलताच असू शकतो. नुसत्या डच पोल्कावरूनही ठरवू नका, तिकडची परवानावाली छोटी स्टेशनंही तीच गाणी लावतात. शिवाय ट्वेंटेची बोली जर्मनसारखी वाटते, मी सुरुवातीला कितीतरी कॅच जर्मन म्हणून लिहून ठेवले होते. म्हणून रेकॉर्डिंग चालूच ठेवा, सिग्नल मिनिटभरात गायब होतो. नंतर शांतपणे ऐका, 'ग्रुटन' म्हणजे शुभेच्छा, त्यापाठोपाठ गावांची नावं येतात, आल्मेलो, फ्रीझनफेन वगैरे, ती नकाशावर बघा.

आणि एक कळकळीने सांगतो, पायरेटचा ट्रान्समीटर कुठे आहे ते कळलं तरी ते कुठेही जाहीर करू नका, तिकडे ते लोक पकडले गेले तर त्यांना दंड होतो.