गाडीचा दरवाजा, फेंडर आणि बॉनेट घरच्या घरी कसे बसवावे

गेल्या पावसाळ्यात यवतेश्वरचा घाट चढताना माझ्या जुन्या गाडीच्या मागच्या दरवाजातून पाणी आत आलं. बीडिंग, म्हणजे दरवाजाभोवतीची रबरी पट्टी, नवीन होतं, दरवाजाच खाली उतरला होता. आधी एकाने खांबावरची कडी (दरवाजाचं लॉक जिला अडकतं ती) खाली सरकवून तो 'बसवून' दिला होता, म्हणजे दरवाजा लागत होता, पण वाकडाच. कडीचं काम दरवाजा धरून ठेवण्याचं आहे. त्याला जागेवर आणतात त्या बिजागऱ्या.

गाडी सपाट जागेवर, चारही चाकांवर उभी करा. साताऱ्यातल्या आमच्या बोळांना उतार आहे, म्हणून मी सोसायटीच्या फरशीवर काम करतो. जॅकवर उचललेल्या गाडीत हे काम करू नका, बॉडीला किंचित पीळ बसतो आणि मापं फसतात. सामान साधं: १० आणि १२ मिमीचे गोटी पाने, मास्किंग टेप, मार्कर, लाकडाचा ठोकळा, जुनी चादर आणि ४ मिमीचा ड्रिल बिट. बिटचा मागचा गुळगुळीत दांडा दोन पत्र्यांमधल्या फटीत सरकवत नेला की कुठे घट्ट, कुठे ढिली ते लगेच कळतं. बऱ्याच गाड्यांत फट ३ ते ५ मिमी असते, पण आकड्यापेक्षा ती वरपासून खालपर्यंत सारखी असणं महत्त्वाचं. तळहात पुढून मागे फिरवून पातळीही पाहा. मागचा पत्रा पुढच्यापेक्षा केसभर आत चालेल, बाहेर नको. तिथे वारा अडतो आणि हायवेवर शिट्टी वाजते.

सुरुवात मागच्या दरवाजापासून करा, कारण त्याच्या मागचा पत्रा बॉडीला वेल्ड केलेला असतो, हलत नाही. त्याच्याशी मागचा दरवाजा जुळवायचा, त्याच्याशी पुढचा, मग फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा), शेवटी बॉनेट. उलट्या क्रमाने गेलात तर सगळं दोनदा करावं लागेल.

दरवाजा अर्धा उघडून कडेला धरा आणि वर-खाली हलवा. बिजागरीत खडखड जाणवली तर पिन किंवा बुश (पिनभोवतीची नळी) झिजलेत. ते बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका. बिजागरी घट्ट असेल तर तिच्या आणि कडीच्या कडांभोवती मार्करने रेघ मारा, म्हणजे चुकलं तरी मूळ जागा सापडेल. दरवाजाच्या आणि शेजारच्या पत्र्याच्या कडांना टेप लावा.

मग कडी काढा. दोन्ही बोल्ट एकदम काढू नका, काही गाड्यांत आतली नटपट्टी (बोल्ट जिच्यात बसतात ती) सैल असते आणि खांबात पडते. एक बोल्ट काढा, कडी फिरवून बाजूला घ्या, तोच बोल्ट रिकाम्या भोकात परत लावा, मग दुसरा काढा. कडी नसली की दरवाजा स्वतःच्या जागी कसा लटकतो ते खरं दिसतं.

दरवाजाखाली चादर गुंडाळलेला ठोकळा द्या, घरातलं एक माणूस धरायला घ्या. एका वेळी एकाच बिजागरीचे बोल्ट थोडे सैल करा, पूर्ण नाही. मागची कड खाली उतरली असेल तर वरची बिजागरी पुढे सरकवा किंवा खालची मागे. सरकवणं अगदी थोडं. बिजागऱ्यांत ४० सेंमी अंतर आणि दरवाजा १ मीटर लांब असेल, तर १ मिमी हलवल्यावर मागची कड सुमारे अडीच मिमी उचलते. घट्ट करा, हळू लावून पाहा, पुन्हा मोजा. मला चार वेळा करावं लागलं, दोन तास गेले. बिजागरी वेल्ड केलेली असेल तर हे डेंटरचं काम.

आता कडी परत लावा. दरवाजा लागताना ना वर उचलला जावा, ना खाली बसावा. कागदाची पट्टी बीडिंगमध्ये दाबून ओढा, सगळीकडे सारखीच अडली पाहिजे.

फेंडरचे बोल्ट बॉनेटखाली वरच्या कडेला, दरवाजाच्या बिजागरीजवळ आणि खाली असतात. सगळे सैल करून दरवाजाशी फट जुळवा, मग घट्ट करा. पुढच्या दरवाजाचे काही बोल्ट फेंडरमागे लपलेले असू शकतात, म्हणून दरवाजा पूर्ण झाल्याशिवाय फेंडर घट्ट करू नका.

बॉनेट बिजागरीवर मागे-पुढे सरकतं. पुढचे कोपरे वर-खाली करायला बॉनेटखालचे रबरी गुटके फिरवायचे. पहिल्यांदा अगदी हळू खाली आणा, नाहीतर कड फेंडरवर घासून रंग उडतो. शेवटी लॉक. मुख्य लॉक सोडल्यावर दुसरा, सुरक्षेचा हुक बॉनेट धरून ठेवतो का, हे तीनदा तपासा. तो न पकडता मी गाडी गेटबाहेर काढत नाही.

अपघातात खांब किंवा चॅसी वाकली असेल, तर बोल्टने फट जुळणार नाही. सगळं आधी मारलेल्या रेघांवर परत आणून ठेवा आणि गाडी डेंटरकडे न्या. बाकी सगळ्यांनी बोल्टच्या डोक्यावरचा रंग उडाला असेल तिथे रंग लावून घ्यावा, पाइपने पाणी मारून आत पाहावं आणि आठवड्याभराने पाना घेऊन बोल्ट पुन्हा एकदा तपासावेत.