तारखेची अक्षरे तपासताना

पुण्यातील वापरकर्ता वेबसाइटवरील अर्जात ‘०३/०४/२०२५’ असे लिहितो, तेव्हा त्याला ३ एप्रिल अभिप्रेत असतो. जावास्क्रिप्ट या वेबच्या प्रोग्रामिंग भाषेतील ‘डेट’ (तारखा हाताळणारी सोय) मात्र इंग्रजी अंकांतील हाच मजकूर ४ मार्च असा वाचतो. म्हणून आलेला मजकूर थेट डेटच्या हवाली करू नये. मराठी कळफलकावरून आलेले देवनागरी अंक प्रथम इंग्रजी अंकांत बदलावेत (केवळ त्यासाठी अर्ज नाकारणे मला अन्यायाचे वाटते) आणि मग रेगेक्सने (मजकुराची ठरावीक रचना ओळखणाऱ्या सूत्राने) दिवस, महिना व चार अंकी वर्ष वेगळे काढावे.

मात्र रचना जुळली म्हणजे तारीख अस्तित्वात आहे असे नव्हे. ३१ फेब्रुवारी २०२५ चे आकडे सुटे दिल्यास डेट कोणतीही तक्रार न करता ३ मार्च तयार करतो. त्यामुळे तयार झालेल्या तारखेतून दिवस, महिना आणि वर्ष पुन्हा वाचून मूळ आकड्यांशी ताडून पाहावे. डेटमध्ये महिने शून्यापासून मोजले जातात (जानेवारी म्हणजे ०), हे ध्यानात ठेवावे. लीप वर्षाचा प्रश्नही या तुलनेतच सुटतो.

आयएसओ पद्धतीची (आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, जसे ‘2025-04-03’) नुसती तारीख डेट यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ धरून वाचतो, म्हणून पुण्यात ती पहाटे साडेपाचची वेळ दाखवते. वेळ महत्त्वाची असल्यास वेळेसोबत +०५:३० हा भारतीय वेळेचा फरक स्पष्ट लिहावा. हीच तपासणी सर्व्हरवरही करावी, कारण ब्राउझरमधील तपासणी सहज टाळता येते.