जुनी आउटबोर्ड (होडीच्या मागे लावायचं मशीन) सकाळी थंड असताना उठत नाही? आधी हे बघा

१ जून ते ३१ जुलैची बंदी संपली की कोकणात दरवर्षी हेच, होडी तयार, जाळी तयार आणि मशीन काही उठत नाही. पंधरा एचपीची जुनी टू-स्ट्रोक, कार्बोरेटरवाली, दोन महिने पडवीत ताडपत्रीखाली उभी, आणि आता माणूस दोरी ओढून ओढून घामाघूम होतो नि शेवटी वैतागून कार्बोरेटरच्या स्क्रूलाच हात घालतो. कृपा करून तो स्क्रू फिरवू नका, तो दोन महिन्यांत आपोआप फिरलेला नसतो. बिघाड बहुतेक वेळा पेट्रोलमध्ये नाहीतर प्लगमध्ये असतो.

थंड मशीनला पेट्रोल जास्त लागतं, कारण गार सिलेंडरात त्याची वाफ नीट होत नाही, म्हणून चोक हवा अडवतो आणि पेट्रोलचं प्रमाण वाढवतो. त्यामुळे मशीन गरम असताना एका ओढीत उठतं पण सकाळी उठत नाही अशी तक्रार असेल तर पहिला संशय चोकवर. पुढचं कव्हर काढा, नॉब ओढा आणि आतली पट्टी पूर्ण बंद होते का ते डोळ्यांनी बघा. खाऱ्या हवेने जुन्या मशीनच्या लिंका गंजतात, नॉब पूर्ण बाहेर येतो पण पट्टी अर्धीच बसते, आणि बाहेरून काही कळत नाही.

बाकी साध्या गोष्टी पटकन बघून घ्या. मशीन बंद करायच्या स्विचची लाल दोरी-क्लिप जागेवर आहे ना, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना, मशीन न्यूट्रलला आणि हँडल स्टार्टच्या खुणेवर आहे ना. पाईपमधला रबरी बल्ब, बाण मशीनकडे आणि वर करून, कडक होईपर्यंत दाबा. कडक होतच नसेल तर पाईप कुठेतरी हवा ओढतोय, कनेक्टरची ओ-रिंग (रबरी कडी) बघा.

आता खरी परीक्षा. प्लग काढा, त्या भोकातून चमचाभर ताजं ऑइलमिश्रित पेट्रोल आत सोडा, प्लग परत घट्ट लावा, सांडलेलं पुसून घ्या आणि ओढा. दोन-चार सेकंद फटफट करून बंद पडलं तर करंट ठीक आहे, पेट्रोल पोचत नाहीये. काहीच हालचाल नाही तर करंटकडे वळा. एवढ्या एका गोष्टीने निम्मं काम वाचतं, तरी लोक हे करत नाहीत आणि थेट सगळं खोलून बसतात.

पेट्रोल पोचत नसेल तर जुनं पेट्रोल आधी काढून टाका. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पावसाळी हवेतला ओलावा धरतं, पाणी जास्त झालं की वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि टाकीतली नळी नेमकी तळातूनच ओढते. कार्बोरेटरच्या बाऊलखालचा (पेट्रोल साठणारी तळाची वाटी) ड्रेन स्क्रू उघडून पारदर्शक बाटलीत काढा आणि थोडं थांबा. खाली गोळे किंवा वेगळा थर दिसला तर ते पाणी. रंग चहासारखा आणि वास आंबूस आला तर समजा जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं, चिकटले. मेन जेट मोठा, तो सहसा वाचतो, पण पायलट जेटचं भोक केसाएवढं आणि थंड मशीन उठायला नि आयडलला तेच लागतं. कार्ब क्लीनर मारा, मग बारीक तंगूस (नायलॉनचा धागा) आरपार घाला, उजेडाकडे धरून गोल भोक दिसलं पाहिजे. स्टीलची तार घालू नका, भोक मोठं झालं की ते जेट गेलं. एअर स्क्रू काढायचाच असेल तर आधी हलक्या हाताने आत बसेपर्यंत किती आटे जातात ते मोजून लिहून ठेवा, लावताना तेवढेच उघडा.

करंटसाठी प्लग कॅपला लावून त्याचं लोखंड हेडला टेकवा, प्लगच्या उघड्या भोकापासून लांब, आसपास पेट्रोल सांडलेलं नको, आणि दोरी ओढा. निळी, कडकडीत ठिणगी हवी. पिवळट असेल तर नवा प्लग लावून बघा, मग कॅपमधली हिरवी बुरशी आणि कॉइलची अर्थ वायर जिथे बोल्टला बसते ती जागा पॉलिश पेपरने घासा. आमच्या भागात खारं पाणी निम्मे सीडीआय (ठिणगीचा करंट देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) उगाच बदनाम करतं, दोष त्या अर्थच्या बोल्टचा असतो.

प्लग ओला निघाला तर मशीन ओव्हर झालंय, म्हणजे आत पेट्रोल जास्त गेलंय. चोक आत ढकला, प्लग पुसून वाळवा, भोकं उघडी ठेवून, कॅप अर्थला टेकवून आठ-दहा वेळा ओढा, मग प्लग लावून चोकशिवाय उठवा.

केरोसीनवर चालणाऱ्या मशीनचं कारण वेगळं. ते पेट्रोलवरच उठवायचं, गरम झालं की केरोसीनवर घ्यायचं, आणि बंद करण्याआधी काही मिनिटं परत पेट्रोलवर आणायचं. घाईत केरोसीनवरच बंद केलं की बाऊलमध्ये केरोसीन राहतं आणि दुसऱ्या दिवशी थंड मशीन त्यावर पेटत नाही. बाऊल रिकामा करा, बल्बने पेट्रोल भरा, बहुतेकदा तिथेच उठतं.

हे सगळं करून दोरी हाताला हलकी लागत असेल तर कॉम्प्रेशन गेज लावून सिलेंडरातला दाब बघून घ्या, आणि कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल उलटं उडत असेल तर रीडच्या पट्ट्या (कार्बोरेटरमागची एकाच दिशेने उघडणारी झडप) बघून घ्या. ही कामं मेकॅनिककडे द्या. उठवून बघताना मशीन कोरडं चालवू नका, ड्रममध्ये पाणी भरून पंख्याच्या वर असलेल्या आडव्या पट्टीच्याही वरपर्यंत बुडवा आणि मागून पाण्याची धार येते का बघा, नाही आली तर लगेच बंद.

आणि पुढच्या मेमध्ये ठेवताना पाईप काढून मशीन ड्रममध्ये आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, बाऊलचा ड्रेन उघडून राहिलेलं काढा, प्लगच्या भोकांतून थोडं टू-टी ऑइल सोडून दोरी दोनदा सावकाश ओढा, आणि टाकीतलं उरलेलं पेट्रोल त्याच आठवड्यात दुसरीकडे वापरून टाका.